आवाज येतोय का?

यंदा गणपतीला कराडला गेलो, तेव्हा आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "माळ्यावरचा तो कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय. त्यातलं काही हवं असेल तर काढून घे." मला त्यातली एकच गोष्ट हवी होती. हार्डडिस्कवर २००८ साली मी बनवलेला 'आज्जी' नावाचा फोल्डर आणि त्यातल्या चौदा फाइल्स.

मी तेव्हा पाचवीत होतो. आज्जी पाटणजवळच्या गावाहून गौरी-गणपतीला आमच्याकडे यायची. तिला गौरीची गाणी येत, फुगडीची येत, जात्यावरच्या ओव्या येत. किती येत ते तिने कधी मोजलं नव्हतं. त्या वर्षी मी तिला कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसवलं, हातात माइक दिला आणि विंडोज एक्सपीमधला साउंड रेकॉर्डर सुरू केला. तो एका दमात साठच सेकंद रेकॉर्ड करायचा आणि आपोआप थांबायचा. आज्जीचं गाणं काही साठ सेकंदांत संपत नसे. मग "थांब", फाइल सेव्ह, नवी फाइल, "हां, म्हण." चार-पाच वेळा असं झाल्यावर ती म्हणाली, "ह्याला दम लागतो व्हय रं?"

रेकॉर्ड केलेलं लगेच ऐकता आलं नाही, कारण आमचे स्पीकर त्या आठवड्यात गल्लीतल्या मंडळाच्या देखाव्याला दिले होते. विसर्जनानंतर ते परत आले. सिनेमाची गाणी वाजली, आज्जी वाजली नाही. पप्पा म्हणाले, "फाइल करप्ट झाली असेल." आमच्या घरी कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांची दोनच निदानं होती, फाइल करप्ट झाली किंवा व्हायरस आला. पुढच्या वर्षी पुन्हा करू, असं ठरलं. पुढच्या वर्षी मला क्रिकेटचं वेड लागलं. २०१२ मध्ये आज्जी गेली.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. करप्ट झालेल्या फाइलमधून बऱ्याचदा काहीतरी वाचवता येतं, हे मला माहीत आहे. म्हणून हार्डडिस्क काढली आणि लॅपटॉपला जोडली. फाइल्स करप्ट नव्हत्याच. प्रत्येक फाइल बरोबर साठ सेकंदांची, १.२६ एमबीची, व्यवस्थित उघडणारी. उघडल्यावर दिसली ती एक सरळ रेषा. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहून आतले आकडे छापले. अशा ८ बिटच्या फाइलमध्ये शांतता म्हणजे १२८ हा आकडा. एका फाइलमध्ये असे १३,२३,००० आकडे होते. १२८, १२८, १२८, मध्येच एखादा १२७, पुन्हा १२८. गाण्याने भरलेली फाइल आणि रिकामी फाइल डिस्कवर सारखीच जागा खाते.

स्क्रीन बिघडला तर रेघा दिसतात, प्रिंटर बिघडला तर कागद अडकतो. आवाज गेला की मात्र कारण कुठलंही असो, समोर शांतताच येते. वायर निघालेली असो, चिप जळालेली असो, नाहीतर कुणी म्यूट करून ठेवलेलं असो. आज्जीचा आवाज नेमका कुठे गळाला, हे शोधताना मला साउंडकार्डचा इतिहास उलटा चालत जावं लागलं. तो इतिहास मला यंत्रांपेक्षा एका प्रश्नाचाच जास्त वाटला. आवाज येत नसेल, तर बघायचं कुठे?

फक्त बीप

आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर, मॉडेल ५१५०, ऑगस्ट १९८१ मध्ये जाहीर केला. त्यात आवाजासाठी एक छोटा स्पीकर होता आणि तो वाजवायला इंटेलची ८२५३ ही टायमर चिप. या चिपचं काम वेळ मोजायचं. तिच्याकडे सेकंदाला सुमारे ११.९ लाख ठोके येत. त्या ठोक्यांना तुम्ही एक आकडा देऊन भागायचं आणि भागाकार येईल तितक्या वेळा दर सेकंदाला स्पीकर आत-बाहेर हलायचा. ११९३ ने भागलं की साधारण १००० हर्ट्झची शिट्टी. एका वेळी एकच सूर, आणि आवाज लहान-मोठा करायची सोय नाही.

हे मशीन ऑफिसात विकायचं होतं, त्यामुळे कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. स्पीकरचं खरं काम वेगळंच होतं. पीसी चालू केला की तो आधी स्वतःची तपासणी करतो. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. काही बिघडलं असेल तर बीपांची संख्या आणि लांबी बदलते. स्क्रीनवर काहीच दिसत नसेल तेव्हा दुरुस्ती करणारा माणूस कान देऊन बीप मोजायचा. पीसीला पहिला आवाज मिळाला तो तक्रार सांगण्यासाठी.

घरगुती कॉम्प्युटर तोवर पुढे गेले होते. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये तीन सूर एकत्र वाजवणारी खास चिप होती. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश तर मंचावर स्वतःची ओळख स्वतः बोलून करून देत होता. पीसीकडे एकच जमेची बाजू होती. त्याच्या पोटात पाच रिकामे स्लॉट होते आणि त्यांत काय बसू शकतं याची तांत्रिक माहिती आयबीएमने छापून खुली केली होती. ज्याला जे हवं त्याने ते कार्ड बनवून आणावं.

क्वेबेक आणि सिंगापूर

पहिलं नाव घ्यावं लागतं ते कॅनडातल्या क्वेबेक शहराचं. तिथले संगीताचे माजी प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांच्या ॲडलिब कंपनीने १९८७ मध्ये संगीताचं कार्ड काढलं. त्यावर यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती आणि ती एकाच वेळी नऊ सूर वाजवू शकायची. ज्या तंत्रावर ती चालायची, ते 'एफएम सिंथेसिस' जॉन चाउनिंग या संगीतकाराला १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सापडलं होतं. एका सुराला दुसऱ्या सुराने थरथरवायचं आणि ती थरथर खूप वाढवत न्यायची. एका टप्प्यानंतर कानाला थरथर ऐकू येत नाही, वेगळंच वाद्य ऐकू येतं. स्टॅनफर्डने हे तंत्र यामाहाला दिलं आणि यामाहाने ते आधी कीबोर्डांत आणि मग स्वस्त चिपमध्ये आणलं.

१९८८ मध्ये सिएरा कंपनीने 'किंग्ज क्वेस्ट ४' हा गेम काढला. त्याचं संगीत विल्यम गोल्डस्टीन या व्यावसायिक संगीतकाराकडून करून घेतलं आणि ते नीट ऐकायचं तर ॲडलिबसारखं कार्ड घ्या, असं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. सिएरा ती कार्डं स्वतःही विकत असे. गेमसाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड बसवायचं, ही सवय इथून लागली.

दुसरं नाव सिंगापूरचं. १९८१ मध्ये, म्हणजे आयबीएम पीसी आला त्याच वर्षी, सिम वाँग हू आणि त्यांचे मित्र एन्ग काय वा यांनी तिथल्या चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटर या इमारतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान टाकलं. नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. सिम यांना हार्मोनिका वाजवायचा नाद होता आणि कॉम्प्युटरने बोलावं, गावं, हे खूळ डोक्यात होतं. १९८६ मध्ये त्यांनी बोलणारा, गाणारा क्युबिक सीटी नावाचा कॉम्प्युटरच बनवला. तो चालला नाही. मग त्यातलं संगीत तेवढं बाजूला काढून कार्ड बनवलं. ते गेम ब्लास्टर या नावाने १९८८ मध्ये अमेरिकेत विकलं. ॲडलिबपुढे तेही फिकं पडलं.

१९८९ च्या साउंड ब्लास्टरमध्ये मात्र सिम यांनी दुकानदाराचा विचार केला. यामाहाची चिप कुणालाही विकत मिळत होती. तीच घेतली, त्यामुळे ॲडलिबसाठी बनलेला प्रत्येक गेम यावरही वाजणार. त्यात रेकॉर्ड केलेला खरा आवाज, म्हणजे बंदुकीचा बार, माणसाची हाक, वाजवायची आणि माइकवरून आवाज आत घ्यायची सोय घातली. वर जॉयस्टिकचं पोर्ट दिलं. त्या काळी जॉयस्टिकसाठीही वेगळं कार्ड लागे, त्यामुळे हे घेतलं की एक स्लॉट वाचायचा. ॲडलिबचं नवं कार्ड रखडलं आणि १९९२ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. त्याच वर्षी क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदली गेली. पुढची काही वर्षं गेमच्या खोक्यांवर 'साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल' हे शब्द छापलेले असायचे.

घंटा कुणाची वाजली?

आता कार्ड आलं. खोकं उघडायचं, स्क्रू काढायचे, स्लॉटमध्ये दाबून बसवायचं, गेम सुरू करायचा. आणि आवाज येत नाही.

कारण समजायला पीसीचं पोट थोडं बघावं लागेल. आठ बिऱ्हाडांचा वाडा आणि दारात आठ घंटा, अशी कल्पना करा. मालक म्हणजे मुख्य प्रोसेसर. कुठल्याही बिऱ्हाडाला काही हवं असेल तर ते आपली घंटा वाजवतं आणि मालक हातातलं काम ठेवून तिकडे जातो. या घंटेला आयआरक्यू म्हणतात. पहिल्या पीसीत अशा आठ होत्या. ० टायमरची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची. १९८४ च्या मॉडेलमध्ये त्या पंधरा झाल्या, तरी बऱ्याच आधीच ठरलेल्या. या जुन्या स्लॉटांची अडचण अशी, की एक घंटा दोघांत वाटता येत नसे. दोघांनी तीच दोरी ओढली तर मालक एकाकडेच जाणार.

साउंड ब्लास्टरला तीन गोष्टी लागत. एक पत्ता, बहुधा २२०. एक घंटा. आणि मेमरीतून प्रोसेसरला न विचारता थेट माल उचलायची एक वाट, तिला डीएमए म्हणतात, ती बहुधा १ नंबरची. हे सगळं कार्डावरच्या पिनांवर तांदळाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या बसवून ठरवायचं. त्या टोप्यांना जम्पर म्हणतात. सुरुवातीच्या कार्डांची घंटा कारखान्यातून ७ वर लावून येत असे, म्हणजे प्रिंटरच्या वाट्याची. डॉसमध्ये प्रिंटर ती घंटा सहसा वापरत नसे, म्हणून बहुतेकांचं निभावलं. ज्यांचं निभावलं नाही, त्यांना कारण शोधायला जड गेलं. पुढच्या कार्डांत ५ ही घंटा रूढ झाली. शिवाय जम्पर लावून भागत नसे, तेच आकडे सॉफ्टवेअरलाही सांगावे लागत. डॉस सुरू होताना वाचली जाणारी एक फाइल असे, तिच्यात 'सेट ब्लास्टर' असं लिहून पुढे पत्ता, घंटा आणि वाट. १९९३ चा 'डूम' गेम तर सेटअपमध्ये हे आकडे खेळणाऱ्यालाच विचारायचा. बारा वर्षांच्या पोरांना आयआरक्यू म्हणजे काय ते कळलं, ते असं.

पण या काळाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. इथे शांतता पूर्ण मुकी नव्हती. यामाहाच्या चिपमधून येणाऱ्या संगीताला घंटाही लागत नसे आणि डीएमएही लागत नसे, नुसता पत्ता पुरे. रेकॉर्ड केलेल्या आवाजांना तिन्ही गोष्टी लागत. म्हणून पार्श्वसंगीत वाजतंय पण बंदुकीचा बार ऐकू येत नाही, तर घंटा किंवा वाट चुकलीय. एखादा आवाज सुरू होऊन पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतोय किंवा तिथेच थांबतोय, तर कार्ड घंटा वाजवतंय आणि मालक भलत्याच दोरीकडे कान लावून बसलाय. काहीच येत नसेल, तर पत्ता बघा. आणि त्याही आधी कार्डाच्या मागे आवाजाची एक छोटी चकती असायची, ती कुणी शून्यावर फिरवून ठेवली नाही ना, ते बघा.

म्हणजे काय वाजतंय आणि काय वाजत नाही, हे नीट ऐकलं तर दोष कुठे आहे ते कळत होतं. सगळा त्रास हाताला होता, पण कारण डोळ्यांना दिसत होतं.

लावा आणि प्रार्थना करा

हा त्रास कुणालाच नको होता. १९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'प्लग अँड प्ले'चा मसुदा आणला. प्रत्येक कार्डाने आपली ओळख स्वतः सांगायची, कुणाला कुठली घंटा ते मशीनने ठरवायचं. २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने ही गोष्ट घरोघर नेली. मात्र जुनी जम्परवाली कार्डं आणि नवी शहाणी कार्डं एकाच मशीनमध्ये बसू लागली आणि जुन्यांनी कुठली घंटा धरून ठेवलीय हे नव्यांना कळेना. लोकांनी नाव बदलून 'प्लग अँड प्रे' केलं. लावा आणि प्रार्थना करा. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना बिल गेट्स यांच्या शेजारच्या सहकाऱ्याने कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला आणि भरसभेत स्क्रीन निळा झाला.

या काळाची खूण म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह. काहीतरी चुकलंय, एवढंच ते सांगायचं. पीसीआय स्लॉट आले तशी घंटांची भांडणं मिटली, कारण त्यांत एक घंटा अनेकांना वाटून घेता येई. तोवर लोकांच्या हातात दुरुस्तीची नवी पद्धत आली होती. ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका, रीस्टार्ट करा. आवाज आला की झालं. का गेला होता, ते विचारायचं नाही.

खेकडा

१९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हे मानक आणलं. त्यात साउंडकार्डाचे दोन तुकडे केले. आकड्यांचं काम मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांकडे दिलं आणि आकड्यांचा खरा आवाज करण्याचं काम एका लहानशा, स्वस्त चिपकडे. या लहान चिपला कोडेक म्हणतात. तुमच्या घरी जुना मदरबोर्ड असेल तर त्यावर नखाएवढी एक चौकोनी चिप शोधा. तिच्यावर खेकड्याचं चित्र असण्याची बरीच शक्यता आहे. ते तैवानच्या रिअलटेक कंपनीचं चिन्ह. या खेकड्याने साउंडकार्डाचा धंदा खाल्ला. मदरबोर्डबरोबर फुकट आवाज मिळत असेल, तर वेगळं कार्ड कोण घेणार?

मागच्या छिद्रांना रंग मिळाले तेही याच सुमारास. गुलाबी माइकचं, पोपटी स्पीकरचं, फिकट निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. छोट्या गावातल्या दुकानात असेंबल केलेला पीसी घेणाऱ्याला यापलीकडे काही माहीत असायची गरज उरली नाही. आम्हीही २००५ मध्ये तसाच घेतला.

त्यानंतर आवाजाची वाट सॉफ्टवेअरच्या आत लांबत गेली. लिनक्समध्ये 'अल्सा' ही आवाजाची नवी यंत्रणा आली. ती अगदी बरोबर बसवली तरी पहिल्यांदा काहीच ऐकू येत नसे, कारण तिचे सगळे चॅनेल मुद्दाम म्यूट ठेवलेले असत. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने प्रत्येक ॲपला आवाजाचा वेगळा दांडा दिला. म्हणजे गप्प बसायला आणखी एक जागा. आज फोनवर एखाद्याचा आवाज येत नसतो, तेव्हा ॲपची परवानगी, ब्लूटूथ, कुठला माइक निवडलाय, मीटिंगमधलं म्यूट, फोनचं म्यूट, यांपैकी काहीही असू शकतं. लॉकडाउनमध्ये सगळ्या देशाने दिवसाची सुरुवात "आवाज येतोय का?" या प्रश्नाने केली. १९८९ मध्ये शांततेची चार-पाच कारणं होती. आता किती, ते मीही पैजेवर सांगणार नाही, आणि माझं पोट त्यावरच चालतं.

दोन वायरी

आता पुन्हा कराडला.

२००८ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि आमच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय गेला. दुरुस्तीवाल्याने नवं कॅबिनेटच घालून दिलं. पुढच्या बाजूला हेडफोन आणि माइकची छिद्रं असलेलं, झकपक. घरी आणून लावलं तर आवाज नाही. त्याने येऊन बघितलं. "ऑनबोर्ड साउंड उडालंय. वीज पडली ना." साडेचारशे रुपयांचं एक पीसीआय साउंडकार्ड बसवलं आणि आवाज आला. निदान बरोबर होतं, हे उघडच होतं.

सतरा-अठरा वर्षांनी मी ते कॅबिनेट उघडलं. धुळीखाली मदरबोर्डच्या कडेला पुढच्या छिद्रांसाठीच्या पिना होत्या. त्यांवर कॅबिनेटच्या काही वायरी नीट लावलेल्या होत्या. दोन वायरी मात्र रबर बँडने बांधून तशाच लोंबत ठेवलेल्या. मी त्यांच्या टोकावरची अक्षरं वाचली आणि तिथेच बसून राहिलो.

एसी ९७ च्या मदरबोर्डांत स्पीकरचा आवाज मागच्या पोपटी छिद्राकडे सरळ जात नसे. तो आधी पुढच्या हेडफोनच्या छिद्राकडे जाई आणि तिथून दोन परतीच्या वायरींनी मागे येई, एक डाव्या आवाजाची, एक उजव्या. म्हणजे पुढे हेडफोन खुपसला की मागचे स्पीकर आपोआप बंद. परतीच्या वायरी नसतील तर त्या पिनांवर दोन जम्पर लावायचे. आमच्या मदरबोर्डवर ना वायरी होत्या, ना जम्पर. आवाज पुढच्या छिद्रापर्यंत जात होता आणि परतीची वाट नसल्याने तिथेच थांबत होता. त्या दिवशी कुणी पुढे हेडफोन लावून बघितला असता, तर गाणं ऐकू आलं असतं.

मी पीसीआय कार्ड उपटून काढलं. दोन वायरी लावल्या. बोर्डावरचा गोल सेल बदलला, हार्डडिस्क परत बसवली, टीव्हीला जोडलं, स्पीकरची पिन मदरबोर्डच्या पोपटी छिद्रात घातली. विंडोज एक्सपी सुरू होतानाची ती ओळखीची धून खोलीत वाजली. २००८ मध्ये मेलेलं घोषित केलेलं साउंड तेव्हाही धडधाकट होतं.

आणि मग आज्जीचाही पत्ता लागला. नवं कार्ड बसवताना जुनं ऑनबोर्ड साउंड बंद केलेलं नव्हतं, त्यामुळे मशीनमध्ये आवाज घेणाऱ्या दोन जागा झाल्या. विंडोज रेकॉर्डिंग करत होतं नव्या कार्डाकडून. मी माइक लावला होता कॅबिनेटच्या पुढच्या गुलाबी छिद्रात, आणि त्याची वायर जात होती मदरबोर्डकडे. आज्जी एकीकडे गात होती आणि कॉम्प्युटर दुसरीकडे कान देऊन बसला होता. नव्या कार्डाचं माइकचं छिद्र मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, रिकामं होतं. त्या रिकाम्या छिद्राचं मी चौदा मिनिटं रेकॉर्डिंग केलं. साउंड रेकॉर्डरच्या काळ्या पट्टीवर हिरवी रेघ असायची. आवाज आला की ती हलते. आमची रेघ सरळ होती. मला वाटलं, हिरवी आहे म्हणजे चालू आहे.

मी दुरुस्तीवाल्यावर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. वीज पडली होती, आवाज गेला होता, कार्ड घातल्यावर आवाज आला. गोष्ट जुळत होती. चूक एवढीच झाली, की कार्ड घातल्यावर आवाज आला यावरून आधीचं कार्ड मेलं होतं असं सगळ्यांनी धरलं. नवी वाट काढली की जुनी का अडली होती ते कधीच कळत नाही आणि ती अडलेली वाट तशीच आत राहते. पुढे कधीतरी कुणीतरी भलत्याच कारणासाठी तिथे माइक लावतो.

मी ऑफिसात आठवड्यातून दोनदा हेच करतो. सर्व्हिस अडकली, रीस्टार्ट केली, चालू झाली, तिकीट बंद. का अडकली होती ते तिकिटात नसतं.

खरी पद्धत जुनीच आहे आणि वायरमनला ती आपल्याहून चांगली येते. वाट मध्ये तोडून बघायची. ॲपपासून कानापर्यंत समजा आठ टप्पे असतील, तर चौथ्यावर तपासा. तिथपर्यंत आवाज असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. तीन तपासण्यांत जागा सापडते. स्पीकर फोनला लावून बघा. हेडफोन दुसऱ्या छिद्रात लावून बघा. दुसऱ्या ॲपमध्ये वाजवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि आवाज परत आला तरी उठू नका, जे बदललं ते पुन्हा पूर्ववत करून बघा. आवाज पुन्हा गेला, तरच कारण सापडलं.

सिम वाँग हू जानेवारी २०२३ मध्ये गेले. त्यांची सुरुवात दुरुस्तीच्या दुकानातून झाली होती हे वाचल्यापासून मला वाटतं, जॉयस्टिकचा एक स्लॉट वाचवावा, हे असल्याच माणसाला सुचणार. कारण अशा माणसाने कित्येक कॅबिनेटं उघडून आत खरंच काय लोंबतंय ते बघितलेलं असतं.

भंगारवाला कॅबिनेट आणि मॉनिटर घेऊन गेला. मदरबोर्ड मी ठेवून घेतला. गौरी जेवल्या त्या रात्री आईला म्हटलं, आज्जीची गाणी तुला किती येतात? ती म्हणाली, पूर्ण अशी चारच, बाकी अर्धीमुर्धी, मावशीला जास्त येतील. मी फोन काढला. आईला पहिली ओळ म्हणायला लावली, दहा सेकंदांवर थांबवलं आणि वाजवून बघितलं. आवाज येत होता. मग तिला म्हटलं, आता पहिल्यापासून म्हण, कितीही वेळ लागू दे.

रविवारी मावशीकडे जायचंय.